मरायाच्या खुर्चीत: नॅनीला ‘ऑन द बुक्स’ ठेवण्याचं आमचं पहिलं वर्ष

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं ‘ढोंगी!’ असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. पुण्यात एम.ए. करताना, २०११ साली, जमैका किनकेड यांची ‘ल्युसी’ आम्हाला अभ्यासाला होती. १९९० साली आलेली छोटीशी कादंबरी. कॅरिबियन बेटावरची एकोणीस वर्षांची मुलगी अमेरिकेत एका सुखवस्तू घरात चार मुली सांभाळायला येते. घरची बाई मराया. प्रेमळ, शिकलेली, चांगल्या मनाची. ल्युसीला पुस्तकं आणून देते, फुलं दाखवायला नेते, मैत्रिणीसारखी वागते. आणि ल्युसी निघून जायचं ठरवते तेव्हा हीच मराया एकाएकी कडक बोलायला लागते, नियम काढायला लागते. आपण मालकीण आणि ही नोकर, हे तिला तेव्हाच आठवतं. माझा ‘ढोंगी’ त्या पानावर आहे.

तेरा वर्षांनी, मे २०२४ मध्ये, मी ब्रुकलिनमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन नॅनी शोधत बसले होते. म्हणजे मरायाच्याच खुर्चीत. सोनेरी केस तेवढे नव्हते.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण साधं आहे. ओळखीच्या मराठी घरांत ‘कॅश देता की कागदावर?’ (कागदावर म्हणजे ‘ऑन द बुक्स’: पगाराची सरकारदरबारी नोंद, कर आणि विमा भरून) हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो आणि उत्तरही कुजबुजतच येतं. आम्हाला या सगळ्याचा ठार गंध नव्हता. आता थोडा आहे. आम्ही न्यूयॉर्क शहरात राहतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राज्याचे फॉर्म आणि नियम वेगळे असतील, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

माझी रजा जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपणार होती. जवळच्या पाळणाघरानं महिन्याला २,९०० डॉलर सांगितले, तेही जागा जानेवारीत. आई व्हिसावर येऊन सहा महिने राहील हा बेत तिच्या गुडघ्यांनी मोडला. राहता राहिली नॅनी. (या शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर घरात बरंच झालं. ‘आया’ म्हटलं की डोळ्यांसमोर साहेबाचा बंगला येतो. ‘दाई’ बाळंतपणाची. आई सरळ ‘बाई’ म्हणायची. शेवटी आम्ही नॅनीच म्हणत राहिलो.)

तिघीजणी भेटायला आल्या. पहिली वीस वर्षांची, सेंट व्हिन्सेंटहून येऊन आठ महिने झालेली. सोफ्याच्या कडेवर बसली होती, पाठ न टेकता. ताशी पंधरा डॉलर चालतील म्हणाली, रोख. शहरातलं किमान वेतन तेव्हा सोळा होतं. कागदपत्रांचं विचारल्यावर ती बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिली. बाळ मात्र तिच्याकडे लगेच गेलं.

इथे खरं सांगायला हवं. ती गेल्यावर आम्ही नवरा-बायको दोन रात्री हिशेब करत बसलो. पंधरा गुणिले पंचेचाळीस गुणिले बावन्न. वर कर नाहीत, विमा नाही. ‘तिलाही गरज आहेच की’ हे वाक्य दोघांच्याही तोंडून निघालं. तिसऱ्या दिवशी कपाटातून कोणतं पुस्तक काढलं ते सांगायला नको. पुस्तक वाचून माणूस सुधारतो असं माझं म्हणणं नाही. मला फक्त स्वतःच्या अक्षराची लाज वाटली. त्या मुलीला नाही म्हणून कळवलं. आमच्या त्या नकारानं तिचं काहीच भलं झालं नाही, हेही आहेच.

दुसरीला आठवड्यातले चारच दिवस जमणार होते.

तिसऱ्या बाई त्रिनिदादच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ब्रुकलिनमध्ये सव्वीस वर्षं, ग्रीन कार्ड. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आमच्याकडे त्यांना ‘आंटी’ म्हणतात. दारात बूट काढले, हात धुतले, आणि बाळाला घ्यायच्या आधी विचारलं, ‘ऑन द बुक्स ना?’

मी हो म्हणाले. त्याचा नेमका अर्थ काय ते मला माहीत नव्हतं.

मग पगाराचं बोलणं. मी म्हटलं, आठवड्याला हजार डॉलर. आकडा गोल होता, मला उदारही वाटत होता. त्यांनी पर्समधून छोटी वही काढली. ‘किती तासांचे?’ साडेआठ ते साडेपाच, पाच दिवस, म्हणजे पंचेचाळीस. ‘मग ताशी किती? आणि चाळीसच्या पुढचे पाच?’ मी गप्प. त्या शांतपणे सांगायला लागल्या: घरकामगार ताशीच धरतात, एकगठ्ठा पगार नाही. चाळीस तासांच्या पुढे दीडपट. घरातच राहणाऱ्या बाईला चव्वेचाळीसच्या पुढे. आठवड्यात एक दिवस सुट्टी, वर्ष झालं की निदान तीन दिवस पगारी रजा. न्यूयॉर्कनं हा घरकामगारांच्या हक्कांचा कायदा २०१० मध्ये केला, आणि असं करणारं देशातलं ते पहिलं राज्य. ‘डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड’च्या बायकांबरोबर आंटीही तेव्हा बसनं राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला गेल्या होत्या, आमदारांच्या दारांत उभं राहायला. ‘माझ्याकडे तेव्हा जुळी होती,’ त्या म्हणाल्या, ‘त्यांच्या आईला सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जातेय.’

ठरलं ते असं: ताशी २२, चाळीसनंतर ३३. आठवड्याचे ८८० अधिक १६५, म्हणजे १,०४५. शिवाय ‘गॅरंटीड अवर्स’. याचा अर्थ आपण सुट्टीवर गेलो म्हणून त्यांचा पगार बुडत नाही. त्यांना आजारपणाची रजा चाळीस तास, ती शहराच्या कायद्यानंच, आणि दोन आठवडे पगारी सुट्टी. मुलाखतीला जाताना पोटात गोळा येतो हे माहीत होतं. मुलाखत घेताना तो मला पहिल्यांदा आला.

आता कागद. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आमचा चुकला.

पहिल्यांदा मालक म्हणून स्वतःचा क्रमांक घ्यायचा, त्याला ईआयएन म्हणतात. एसएस-४ नावाचा फॉर्म आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या करखात्याच्या, साइटवरच भरता येतो, फुकट. पंधरा मिनिटांत क्रमांक हातात. पैसे घेऊन हेच काम करून देणाऱ्या साइट शोधल्यावर वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. फॉर्ममध्ये कारण विचारतात तिथे घरगुती कामगार नेमतोय असा पर्याय असतो. तो निवडताना मला उगीचच कुणीतरी बघतंय असं वाटलं. आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाचं ‘एम्प्लॉयर’ झालं नव्हतं. कामाला माणसं मात्र कायम होती.

दुसरं, राज्याकडे नोंदणी, बेकारी विम्यासाठी. तिमाहीत ५०० डॉलर किंवा जास्त रोख वेतन दिलं की ही लागते. फॉर्म एनवायएस-१००. त्यात धंदा की घर असा सुरुवातीलाच फाटा आहे. मी रात्री दीड वाजता, एका हातानं बाळाला थोपटत, धंद्याच्या रकान्यात खूण केली. मग खुलासा मागणारं पत्र, माझं उत्तर, पुन्हा थांबणं. क्रमांक यायला सहा आठवडे गेले. खूण नीट केली असती तर इतके लागले नसते. तोवर काम सुरू करता येतं, पण पगाराच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा.

तिसरं, विमा. आठवड्याला चाळीस तास किंवा जास्त काम असेल तर अपघाताचा विमा म्हणजे वर्कर्स कॉम्प, आणि वीस तास किंवा जास्त असेल तर अपंगत्व व कौटुंबिक रजेचा विमा. दोन्ही आपणच उतरवायचे. घराचा विमा असतो त्यात हे येतं असं आम्ही धरून चाललो होतो. येत नाही. दोन्ही मिळून आम्हाला वर्षाला सातशे डॉलरच्या आतबाहेर पडले. काम सुरू व्हायच्या आधी पॉलिसी हातात हवी. आमची शुक्रवारी संध्याकाळी आली आणि काम सोमवारी होतं.

सोमवार, ८ जुलै २०२४. पहिला दिवस. पहिला आठवडा एकमेकांना बघायचा, पण पूर्ण पगारी. बाळ झोपल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलो. आय-९ हा कामाचा परवाना तपासल्याचा फॉर्म. पहिला भाग त्यांनी पहिल्या दिवशीच भरायचा, दुसरा आपण तीन कामकाजाच्या दिवसांत. इथे एक बारकावा: कोणती कागदपत्रं दाखवायची ते कामगार ठरवतो. ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असं म्हणायची आपल्याला मुभा नाही. हा फॉर्म कुठेही पाठवायचा नसतो, जपून ठेवायचा असतो: नेमल्यापासून तीन वर्षं किंवा काम सुटल्यापासून एक वर्ष, जे नंतर येईल ते. मग एलएस ५४, म्हणजे पगाराचा दर, जादा तासांचा दर आणि पगाराचा वार लिहिलेली नोटीस, दोघींच्या सह्यांची. ती सहा वर्षं ठेवायची.

आय-९ वर त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. चार शब्दांचं, मधलं एक फ्रेंच वळणाचं. पेन दाबून, शाळेत गिरवल्यासारखं. तोवर मी त्यांना पहिल्या नावानंच ओळखत होते.

सरकारी कागदांखेरीज एक साधा करारही केला, दोन पानांचा. तो कायद्यानं लागतोच असं नाही, पण करा. त्यातलं सगळ्यात वादाचं कलम निघालं भांडी. बाळाच्या बाटल्या, बाळाचे कपडे, बाळाचं जेवण त्यांच्याकडे. आमचं काही नाही. सही करताना ते मला अगदी वाजवी वाटलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी घाईत रात्रीची आमची ताटं सिंकमध्येच राहिली. घरची सवय, दुसरं काय. सकाळी भांडी सिंकमध्ये ठेवली की ती कुणीतरी घासतं, यातच मी मोठी झाले. संध्याकाळी आले तर बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या, आणि आमची ताटं खरकटी काढून, एकावर एक नीट रचून, बाजूला ठेवलेली. न घासता. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर ताटं राहिली नाहीत.

पैशांची घडी बसायला महिना लागला. दर शुक्रवारी १,०४५ मधून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के, म्हणजे ७९ डॉलर ९४ सेंट कापायचे, ९६५ डॉलर ६ सेंट हातात द्यायचे. तितकेच ७.६५ टक्के आपण आपल्या खिशातून वेगळे ठेवायचे. २०२४ मध्ये वर्षाला २,७०० डॉलर किंवा जास्त वेतन झालं की हे लागू होत होतं. ही मर्यादा दरवर्षी बदलते. प्राप्तिकर कापणं बंधनकारक नाही, दोघांना मान्य असेल तरच. आंटींनी नको म्हटलं, त्यांचा फ्लॅटबुशला कर भरून देणारा माणूस आहे. दर पगाराबरोबर तास, दर, कपात लिहिलेली पावती द्यावी लागते. आम्ही ती साध्या तक्त्यातून छापली. हे सगळं करून देणाऱ्या कंपन्या महिन्याला साठ-सत्तर डॉलर घेतात. हिशेबाचा कंटाळा असेल तर खुशाल द्या. आमच्या घरी नवऱ्याला तक्ते आवडतात.

ऑगस्टमधला एक शुक्रवार मी विसरले. शनिवारी सकाळी आंटींचा मेसेज आला: ‘डिअर, आज माझा सुसू आहे.’ सुसू म्हणजे काय ते विचारल्यावर मला हसूच आलं. भिशी! तंतोतंत. वीस बायका, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, दर आठवड्याला एकीचा नंबर. नंबराला त्या ‘हँड’ म्हणतात. गयानाच्या बायका त्यालाच ‘बॉक्स हँड’ म्हणतात, जमैकाच्या ‘पार्टनर’. आमच्या आजीच्या भिशीत एका बाईनं दोनदा हप्ता चुकवला होता, तर तिला पुढच्या वर्षी कुणी घेतलं नाही. आंटींची सव्वीस वर्षांची पत माझ्या विसराळूपणामुळे पणाला लागली होती. तेव्हापासून पगार गुरुवारी रात्रीच बँकेत लावून ठेवते.

या भिशीनं आमचं बोलणं सुरू झालं. आंटी भारतीय वंशाच्या नाहीत, पण १८४५ पासून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या लोकांनी त्रिनिदादच्या जेवणावर जी छाप टाकली ती त्यांच्या डब्यात दिसायची. एकदा डाळपुरी आणली. उलगडून बघते तर आपली पुरणपोळीच, पण तिखटमिठाची, चण्याच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची, आणि रुमालाएवढी मोठी. ऑक्टोबरमध्ये एका बुधवारी त्यांनी चारला जायचं विचारलं. बॅरल द्यायचं होतं. नाताळासाठी घरी पाठवायचं निळं पिंप. तेल, साबण, तांदूळ, नातवंडांचे बूट. महिनाभर जहाजानं जातं, म्हणून ऑक्टोबरातच भरायचं. तो दीड तास मी पगारातून कापला नाही. आणि नाही कापला याचं मला किती बरं वाटलं! ल्युसी वाचलेल्या कुणालाही या बरं वाटण्याचा संशय यायला हवा. मलाही आला, पण तासाभरानं.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला. जायच्या आधी नाताळचा बोनस दिला, एक आठवड्याचा पगार, इथे तशी रीत आहे. (बोनससुद्धा वेतनच, त्यावरही कपात होते. भेटवस्तू म्हणून खपवता येत नाही.) वर तीन आठवड्यांचा पगार काम नसताना. तिकिटांचे पैसे, बोनस, हे तीन आठवडे. विमानतळावर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्याही मनात येऊन गेलं की गॅरंटीड अवर्स थोडे कमी धरायला हवे होते.

पुण्यात आईकडे भांड्यांच्या मावशी एकोणीस वर्षं येतात. आई नेहमी म्हणते, ‘घरातलीच आहे ती.’ मी आईला विचारलं, त्यांची घरेलू कामगार म्हणून नोंदणी झालीय का? महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. आईला माहीत नव्हतं. मावशींनाही नव्हतं. आधार कार्ड मागितलं तेव्हा आईला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं आडनाव कळलं. आईच्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘भांडी मावशी’ नावानं आहे. आमच्या मुक्कामात नोंदणी काही झाली नाही, दोन कागद कमी पडले. भावाच्या मागे लागलेय.

‘घरातलीच’ या शब्दावर मी परतीच्या विमानात बराच विचार केला. कादंबरीत ल्युसीला ते कुटुंब ‘पाहुणी’ म्हणतं, कारण ती जेवणाच्या टेबलावरही परक्यासारखी बसते. तिची खोली स्वयंपाकघराला लागून, मोलकरणीसाठी बांधलेली. पाहुणी काय, घरातली काय, दोन्ही शब्दांत तास मोजायची सोय नाही. मला आंटी आवडतात. त्यांनाही मी आवडत असेन. पण उद्या आमचं बिनसलं तर मला मराया होऊ न देणारं जे काही आहे ते त्या एलएस ५४ वर आहे, माझ्या स्वभावात असेलच असं नाही.

जानेवारी २०२५. ३१ तारखेच्या आत दोन गोष्टी: कामगाराला डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचं वेतन आणि कपात दाखवणारा फॉर्म, द्यायचा आणि त्याची प्रत सोशल सिक्युरिटीकडे पाठवायची, ती ऑनलाइन, फुकट जाते. त्याच तारखेला राज्याचा तिमाही फॉर्म एनवायएस-४५. हा वर्षातून चारदा, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या अखेरीला. काही देणं नसलं तरी भरायचा. पंचवीस आठवडे आणि बोनस मिळून आंटींचं २०२४ चं वेतन झालं २७,१७० डॉलर.

आणि एप्रिल. आपल्या नेहमीच्या विवरणपत्राला शेड्यूल एच हे घरकामगाराच्या करांचं पुरवणीपत्रक जोडायचं. त्यात दोन्ही बाजूंचे मिळून १५.३ टक्के, म्हणजे ४,१५७ डॉलर, आणि केंद्राच्या बेकारी कराचे १०५. हा कर पहिल्या ७,००० डॉलरवरच असतो आणि एरवी ४२ डॉलरवर भागतं. पण न्यूयॉर्क राज्यानं केंद्राचं कर्ज फेडलेलं नव्हतं, म्हणून २०२४ च्या वेतनावर मालकांना भुर्दंड होता. एकूण ४,२६२. यातला निम्म्याजवळचा पैसा आंटींच्या पगारातून आम्ही दर शुक्रवारी कापलेलाच होता. तो कुठे होता? आमच्या रोजच्या खात्यात. म्हणजे भाड्यात, डायपरमध्ये आणि पुण्याच्या तिकिटांत. त्यांच्या वतीनं कापलेला पैसा आपण खाल्ला हे तक्त्यात बघताना कानशिलं गरम झाली. माझ्या बचतीतून भरला. तुम्ही असं करू नका: पहिल्याच शुक्रवारी वेगळं खातं उघडा आणि दोन्ही वाटे, म्हणजे १६० डॉलर, तिकडे वळते करा. नाहीतर आपल्या स्वतःच्या नोकरीत डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) बदलून आपला कर तेवढा जास्त कापून घ्या, म्हणजे आगाऊ कर न भरल्याचा दंडही टळतो.

परत काय मिळतं? नोकरीत डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायचं खातं, असेल तर २०२५ पर्यंत त्यात ५,००० डॉलरपर्यंत करमुक्त होते. बाळ झाल्यावर त्यात नाव घालायला माझ्या कंपनीत तीस दिवस होते. मी एकतिसाव्या दिवशी काय करत होते ते आठवतही नाही. मग साधी सवलत मिळाली, एका मुलामागे ३,००० च्या वीस टक्के, ६०० डॉलर. तीही नॅनी कागदावर असेल तरच, कारण तिचा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो.

मार्चमध्ये आंटींनी कपाटातलं ‘ल्युसी’ बघितलं आणि ट्रेनमध्ये वाचायला मागितलं. चर्च अव्हेन्यूहून क्यू गाडीनं सेव्हन्थ अव्हेन्यूपर्यंत, जाऊन-येऊन रोज थोडं. समासातली माझी अक्षरं आठवून मी जरा चपापले, पण देऊन टाकलं. परत आलं ते एप्रिलच्या मध्यावर, शेड्यूल एच पाठवल्यानंतर दोन दिवसांनी. प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये तेव्हा डॅफोडिल फुललेली असतात. कादंबरीत ल्युसीला दहाव्या वर्षी शाळेत वर्ड्सवर्थची डॅफोडिलवरची कविता पाठ करून सगळ्यांसमोर म्हणावी लागते, टाळ्या मिळतात, आणि रात्री स्वप्नात तीच फुलं तिच्या मागे लागतात. फूल प्रत्यक्ष बघायला मिळतं एकोणिसाव्या वर्षी, मराया हौसेनं दाखवते तेव्हा. मी आंटींना म्हटलं, ही कविता आमच्याही शाळेत होती, मीही ते फूल इथेच पाहिलं. त्यांनी बाळाची गाडी थांबवली आणि पहिलं कडवं घडाघडा म्हणून दाखवलं, हात मागे बांधून, शाळेतल्यासारखं. मग मी म्हटलं दुसरं. तिसऱ्याला दोघी अडकलो.

पुस्तक कसं वाटलं? ‘मुलगी हुशार आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण चार मुली, आणि वर रात्री नर्सिंगचा क्लास. चार मुलांना मी ताशी पस्तीसच्या खाली हात लावत नाही.’

मे महिन्यात त्यांनी मला एक कागद दाखवला. सोशल सिक्युरिटीचं त्यांचं विवरणपत्र, मुलीनं छापून दिलेलं. डावीकडे वर्षं, उजवीकडे कमाई. सुरुवातीच्या काही वर्षांत आकडे होते, तेव्हा त्या एका वृद्धाश्रमात काम करायच्या. मग शून्य. शून्य. शून्य. त्या शून्यांमध्ये जुळी मोठी झाली, एक मुलगा कॉलेजला गेला, एकीचं लग्न झालं, त्याला आंटींना आमंत्रणही होतं. तळाशी २०२४, आणि समोर २७,१७०. आमचा तक्त्यातला आकडा.

निवृत्तिवेतनाला चाळीस क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२४ मध्ये एका क्रेडिटला १,७३० डॉलरची कमाई लागायची, म्हणजे आमच्या अर्ध्या वर्षातच चारही मिळाली. आधी एकवीस होती, आता पंचवीस. आमचं बाळ सप्टेंबर २०२७ मध्ये सरकारी शाळेच्या थ्री-केला, म्हणजे तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गाला, जाईल. तोवर सदतीस होतील. तीन कमी. त्यांनी हे सगळं आधीच वहीत मांडलेलं होतं. मुलाखतीच्या दिवशी दारातला त्यांचा तो पहिला प्रश्न मला आता कळला.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवत त्यांनी विचारलं, तू हे सगळं कसं केलंस ते लिहून देशील का? पार्कातल्या बाकावर त्यांच्याबरोबर बसणाऱ्या तिघी नॅनींना त्यांचे मालक सांगतात की ऑन द बुक्स करायची आमची इच्छा आहे, पण फार किचकट असतं. मी इंग्रजीत चार पानं लिहून दिली, फॉर्मच्या नावांसकट आणि आमच्या चुकांसकट. वर वाचलंत ते त्याचंच मराठी, गप्पा घालून लांबलेलं. आंटींनी ती चार पानं चष्मा लावून वाचली आणि परत दिली. ‘फार झालं, डिअर. एका पानात बसव. नाहीतर ते म्हणतील, बघ, किचकटच आहे.’